सांडपाण्याचं तळं

हे तळं कुठल्याच जुन्या नकाशात नाही.
अल ऐनच्या बेसिनांतून, न्हाणीघरांतून,
फजरच्या वजूतून, शुक्रवारच्या बिर्याणीच्या तांदळातून
जे वाहून जातं
ते माझ्या टेबलावर येतं, बाटलीत, लेबल लावून.
मी क्लोरीन बघते, गढूळपणा बघते,
आकडे ठीक असले की सही करते.
मग ते वाळूत सोडतात.
उरलं ते साचलं. साचलं त्याचं तळं झालं.
पालिकेने काठाला बाक टाकले, घाफची झाडं लावली,
मासे धरू नयेत अशी पाटी ठोकली.
पक्ष्यांना कुणी कळवलं, ठाऊक नाही.

मी भंडाऱ्याची. आमच्याकडे मामा तलाव.
मामाचं पाणी कुणी तपासत नाही.

एप्रिलचा पहिला शनिवार, पहाटे साडेपाच.
कुरियन सरांच्या मुठीत जपाचं यंत्र,
अंगठ्याने दाबलं की आकडा सरकतो,
बाजारात पाच दिरहमला मिळतं, देवाचं नाव मोजायला.
सर शेकाटे मोजतात.
टिक. टिक. एकशे बारा.

मी मोजत नाही, नावं घेते.
कुंपणाच्या तारेवर खाटीक.
चिखलात शेपूट आपटणारा पिवळा धोबी.
गवतात हुदहुद, तो अरबीतही हुदहुदच.
आमच्या जुन्या लोकांनी पाखरांना धंद्यावरून हाका मारल्या,
इथे माणसांना मारतात:
ए हेल्पर. ए प्लंबर. ओ लॅब.
मी आठ वर्षं लॅब आहे.

पाखरांना व्हिसा लागत नाही,
हे वाक्य इथे प्रत्येकाला एकदा सुचतं.
मलाही सुचलं होतं, पहिल्या वर्षी.
सर म्हणाले, त्यांना समुद्र लागतो.
मग मी ते वाक्य परत कुणाला ऐकवलं नाही.

आणि आवाज आला, दिसण्याच्या आधी.
पाण्याखाली कुणी शिट्टी वाजवावी तसा, ओला, गोल.
वेडे राघू!
जेबेल हफीतच्या खांद्यावरून चाळीस, साठ,
सरांचा अंगठा मागे पडला,
हळदीचे गळे, पिरोजी पोटं,
पाठी न घासलेल्या तांब्याच्या.
तारेवर जागा पुरेना. खाटीक उठून गेला.

गुलरेझ बोगनवेलीला पाईप धरून उभा होता.
माझंच पाणी.
त्याने वर पाहिलं आणि शिवी दिली,
अगदी हळू, घरातल्या माणसाला देतात तशी.

"आमच्या झोबला येतात हे, मॅडम.
बोरीच्या रानात बाबांच्या मधाच्या पेट्या असायच्या.
मी गोफण घेऊन दिवसभर.
एका साली पाऊस नाही, फूल नाही,
होत्या तेवढ्या माश्या यांनी टिपल्या.
तीन पेट्या रिकाम्या.
मग मी इकडे."

सरांनी दुर्बीण पुढे केली.
त्याने आधी उलटी धरली, मग सुलटी.
बराच वेळ.
पाईपचं पाणी त्याच्याच बुटांवर.
मी वाट बघत होते, तो म्हणेल छान आहेत,
किंवा पुन्हा एक शिवी.
तो म्हणाला, "हा बघा, माशी आपटतोय तारेवर.
डंख काढल्याशिवाय गिळत नाही.
हुशार आहे, हरामी."

सात वाजता ऊन चावायला लागलं.
सगळे एकदम उठले,
एकेक जण पाण्यावर चोच टेकवून
ईशान्येकडे.
यंत्रावर एकशे अठ्ठ्याऐंशी.
"दोनशेच्या वर," गुलरेझ म्हणाला,
"मला यांना मोजायची सवय आहे."
सरांनी वहीतला आकडा खोडला.
सर आकडे खोडत नाहीत.

सोमवारी टेबलावर बाटली: तळं, उत्तर काठ.
गढूळपणा दोन. क्लोरीन जवळजवळ नाही.
तळाशी छापील ओळ: पिण्यासाठी अयोग्य.
तिच्याखाली सही केली, नेहमीसारखी.
मग शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात,
आठ वर्षांत पहिल्यांदाच,
पेन्सिलीने:
दोनशेच्या वर.